सुरू होता होता संगणक कुणाची वाट पाहतो?

लिनक्सचा संगणक सुरू होता होता मध्येच अडतो, तेव्हा पडद्यावर बहुधा एकच ओळ दिसते: अमुक फोल्डर जोडण्याचे काम सुरू आहे. ओळीच्या शेवटी सेकंदांचा आकडा वाढत असतो आणि त्याच्यापुढे मर्यादा लिहिलेली असते, दीड मिनिट. आतली डिस्क धडधाकट असते, मेमरीत दोष नसतो, प्रणालीची एकही फाइल बिघडलेली नसते. दुसऱ्या कुठल्या तरी यंत्रावरचा सामायिक फोल्डर या संगणकाला जोडून घ्यायचा असतो आणि ते यंत्र उत्तर देत नसते, एवढेच. अशा वेळी दोष लिनक्सच्या माथी मारला जातो, नाही तर 'सिस्टीमडी' या त्याच्या कारभाऱ्याच्या. या अडण्याचा इतिहास पाहिला की हा आरोप टिकत नाही. चाळीस वर्षांपूर्वी काही अभियंत्यांनी पुरता विचार करून ठरवले होते की फाइलचा सर्व्हर गप्प झाला तर संगणकाने थांबावे. तो निर्णय माझ्या मते आजही बरोबर आहे. त्या निर्णयाभोवतीचे जग मात्र पार बदलले. त्याबरोबर थांबण्याची जागाही बदलायला हवी होती, आणि ती पुरती बदललेली नाही.

सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात उभी राहिली. अँडी बेक्टोल्शाइम, बिल जॉय आणि स्कॉट मॅकनीली यांच्याबरोबर तिच्या संस्थापकांत पुण्यात जन्मलेले विनोद खोसलाही होते. प्रत्येक अभियंत्याच्या टेबलावर युनिक्सचे स्वतंत्र वर्कस्टेशन ठेवायचे, हा तिचा धंदा. त्या काळी अशा यंत्रातल्या महागड्या भागांपैकी एक म्हणजे डिस्क. म्हणून सनने डिस्कच नसलेली वर्कस्टेशने विकली. ४ मेगाबाइट मेमरीचे सन-३/५० हे त्यांतले गाजलेले मॉडेल. बटण दाबले की असे यंत्र आपल्या इथरनेट कार्डाचा क्रमांक केबलवर जाहीर करी आणि 'माझा पत्ता काय?' असे विचारी. पत्ता मिळाला की बूट होण्यापुरता एक छोटा प्रोग्रॅम सर्व्हरवरून उतरवून घेई, मग आपली मूळ डिरेक्टरी कुठल्या सर्व्हरवर आहे याची चौकशी करी. आज्ञांचे प्रोग्रॅम, वापरणाऱ्याच्या फाइली, इतकेच काय स्वॅपची जागासुद्धा त्या सर्व्हरच्या डिस्कवर असे. सुरुवातीला यातले बरेचसे काम 'एनडी' नावाच्या जुन्या व्यवस्थेवर चाले. १९८८ च्या सनओएस ४.० पासून मूळ डिरेक्टरी आणि स्वॅप दोन्ही नेटवर्क फाइल सिस्टिमवर, म्हणजे एनएफएसवर, आल्या. आता अशा यंत्राचा सर्व्हर बंद असेल तर त्याने करावे तरी काय? पुढे जायला त्याच्यापाशी स्वतःचे असे काहीच नाही. ते थांबे, आणि त्याने थांबणेच योग्य होते.

ही एनएफएस रसेल सँडबर्ग, डेव्हिड गोल्डबर्ग, स्टीव्ह क्लायमन, डॅन वॉल्श आणि बॉब लायन यांनी १९८५ च्या उन्हाळ्यात पोर्टलंडला भरलेल्या युझेनिक्स परिषदेत मांडली. तिच्या मुळाशी असलेली कल्पना थोडक्यात सांगता येते: सर्व्हरने कुठल्याही क्लायंटबद्दल काहीही लक्षात ठेवायचे नाही. प्रत्येक विनंती स्वतःपुरती पूर्ण हवी. कोणती फाइल, कितव्या बाइटपासून, किती बाइट, हे सगळे तिच्यातच यावे. आणि लिहायला दिलेला मजकूर डिस्कवर पोचल्याशिवाय सर्व्हरने 'झाले' असे उत्तर द्यायचे नाही. याचा फायदा फार मोठा होता. सर्व्हर कोसळून पुन्हा उठला तरी कुणाच्या कुठल्या फाइली उघड्या होत्या याची जुळवाजुळव करावी लागत नसे. उत्तर आले नाही तर क्लायंटने तीच विनंती पुन्हा पाठवायची, आणि उत्तर येईपर्यंत पाठवत राहायची. मंदावलेला सर्व्हर आणि कोसळून उठलेला सर्व्हर यांतला फरक क्लायंटला कळत नाही, आणि कळण्याची गरजही नाही. रात्रभर चालणारा एखादा प्रोग्रॅम सर्व्हर तासभर बंद पडला तर तासभर गोठून राही आणि सर्व्हर परतताच थांबल्या जागेवरून पुढे चालू लागे. मधला तास त्याच्या गावीही नसे. या चिवट पद्धतीला पुढे 'हार्ड' माउंट, म्हणजे हार्ड जोडणी, हे नाव रूढ झाले आणि लिनक्सने एनएफएस घेतली तेव्हा तिच्याबरोबर मूळ पर्याय म्हणून हाच आला.

त्याची किंमतही तेव्हापासूनच मोजावी लागत होती. 'सर्व्हर उत्तर देत नाही, अजून प्रयत्न चालू आहे' हा संदेश युनिक्स सांभाळणाऱ्या पिढ्यांनी पाठ केला. अडकलेला प्रोग्रॅम कर्नलच्या आत अशा अवस्थेत झोपे की मारण्याचा अखेरचा सिग्नलही त्याच्यापर्यंत पोचत नसे. प्रोग्रॅमांच्या यादीत त्याच्यापुढे 'डी' हे अक्षर दिसे आणि ते तिथेच राही. डिस्कवर किती जागा उरली हे सांगणारी साधी 'डीएफ' आज्ञासुद्धा त्या एका सामायिक फोल्डरपाशी, म्हणजे शेअरपाशी, येऊन थिजे. लिनक्समध्ये हे बदलायला २००८ उजाडले. मॅथ्यू विलकॉक्स यांनी कर्नलमध्ये झोपेचा नवा प्रकार आणला आणि २.६.२५ या आवृत्तीपासून एनएफएसवर अडकलेला प्रोग्रॅम निदान मारता येऊ लागला. या अडण्याचे वर्णन मात्र त्याच्या कितीतरी आधी झाले होते. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट १९८० च्या दशकात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या संशोधनकेंद्रात होते. मे १९८७ मध्ये सहकाऱ्यांना पाठवलेल्या एका ई-मेलमध्ये त्यांनी लिहिले की ज्याचे अस्तित्वही तुम्हाला ठाऊक नाही असा संगणक बंद पडल्याने तुमचा संगणक निकामी होतो, तेव्हा ती वितरित प्रणाली समजावी. सुरुवातीलाच अडणाऱ्या लिनक्स यंत्राचे याहून नेमके वर्णन मला माहीत नाही.

याच काळातली एक अडचण मुद्दाम सांगण्यासारखी आहे, कारण आजच्या उपायांची मुळे तिच्यात आहेत. दोन सर्व्हर एकमेकांचे फोल्डर जोडून घेत. एकाकडे प्रोग्रॅम, दुसऱ्याकडे लोकांच्या फाइली. एरवी सगळे सुरळीत चाले. पण वीज गेली आणि परत आली की दोघे एकदमच सुरू होत, पहिला दुसऱ्याची वाट पाही, दुसरा पहिल्याची, आणि फाइली वाटायची सेवा दोघांचीही अजून सुरू झालेली नसे, कारण तिचा क्रम जोडणीनंतरचा. यावर 'बीजी' हा पर्याय आला: पहिला प्रयत्न फसला की जोडणीचे काम पार्श्वभूमीला टाकायचे आणि बूट पुढे जाऊ द्यायचे. लिनक्सच्या माहितीपुस्तिकेत आजही याचे आकडे आहेत. समोर बसून होणारी जोडणी २ मिनिटे प्रयत्न करते आणि सोडून देते. पार्श्वभूमीतली १०,००० मिनिटे करते, म्हणजे आठवड्याला ८० मिनिटे कमी. या दोन आकड्यांत त्या अभियंत्यांचा सगळा विवेक उतरला आहे. सर्व्हरची वाट जवळजवळ आठवडाभर पाहायला ते तयार होते. तेवढा वेळ माणसाला अडवून ठेवायला तयार नव्हते.

दुसरा आणि माझ्या दृष्टीने अधिक मोलाचा उपाय ब्रेंट कॅलघन आणि टॉम लायन यांनी सनमध्येच, १९८० च्या दशकाच्या अखेरीस काढला: ऑटोमाउंटर. शेअर सुरुवातीला जोडायचाच नाही. त्याच्या जागेवर एक पहारेकरी बसवायचा; कुणी त्या वाटेवर पाऊल टाकले की त्याला क्षणभर थांबवून जोडणी करायची, आणि बराच वेळ कुणी फिरकले नाही की ती सोडून द्यायची. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात जॅन-सायमन पेंड्री यांनी 'एएमडी' हा याच जातीचा प्रोग्रॅम लिहिला. लिनक्सच्या कर्नलमध्ये ही सोय १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एच. पीटर अ‍ॅन्विन यांच्या 'ऑटोएफएस'ने आली. म्हणजे आज ज्या अडचणीवर लोक रात्री जागवतात तिचे उत्तर जवळजवळ तिच्याइतकेच जुने आहे.

मग उत्तर हाताशी असताना अडचण टिकली कशी? ऑटोमाउंटर हे मोठ्या विद्यापीठांचे आणि कंपन्यांचे अवजार राहिले. घरच्या किंवा छोट्या कचेरीतल्या लिनक्सवाल्याच्या हाती आली ती 'एफएसटॅब' ही फाइल, जिच्यात आपल्या डिस्कची ओळ आणि परक्या सर्व्हरच्या शेअरची ओळ एकाखाली एक, सारख्याच थाटात लिहिली जाते. दोन्हींतला फरक सुरुवातीच्या स्क्रिप्ट्सनी क्रमाने सांभाळला. रेड हॅटच्या जुन्या लिनक्समध्ये नेटवर्क सुरू करणाऱ्या स्क्रिप्टचा क्रमांक १० आणि नेटवर्कवरचे शेअर जोडणारीचा २५ असे. दहा झाले, पंचवीस आले, की नेटवर्क तयार आहे असे धरून चालायचे. एका जागी रोवलेले यंत्र, भिंतीतून आलेली केबल, कायमचा पत्ता, बाजूच्याच खोलीत न थांबणारा सर्व्हर, या जगात ते गृहीतक बरोबर होते. लॅपटॉप आणि वायफाय आल्यावर ते कोसळले. 'नेटवर्क सुरू झाले' हा एक ठरावीक क्षणच उरला नाही. वायफायचा पासवर्ड वापरणाऱ्याच्या किल्ल्यांच्या पेटीत असेल तर माणसाने लॉगिन केल्याशिवाय जोडणी होत नाही, आणि शेअरसाठी खोळंबलेले यंत्र त्या लॉगिनच्याही आधीचे दार अडवून बसलेले. केबलचे यंत्रही सुटत नाही. कचेरीतल्या स्विचवर जुन्या पद्धतीचे स्पॅनिंग ट्री चालू असेल तर केबलचा दिवा लागतो, जोडणी झाल्याचे संगणक सांगतो, पण स्विच आधी १५ सेकंद नुसते ऐकतो, पुढचे १५ सेकंद पत्ते शिकतो, आणि त्या अर्ध्या मिनिटात या संगणकाचे एकही पॅकेट पलीकडे जात नाही. एसएसडीवरचे लिनक्स तेवढ्या वेळात आपले सगळे आवरून त्या शेअरपाशी येऊन उभे असते.

यात आणखी एक भर पडते ती चुकीच्या दिशेला नेणाऱ्या संदेशांची. विंडोजच्या पद्धतीचे शेअर, म्हणजे एसएमबी, हे आयबीएममध्ये १९८० च्या दशकात जन्मलेले निराळे घराणे. घरोघरच्या एनएएस पेट्या, म्हणजे नेटवर्कवर फाइली साठवणारी छोटी यंत्रे, बहुधा तीच भाषा बोलतात. २०१७ मध्ये वॅनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीचा धोका जगाला दाखवला आणि त्याच वर्षी लिनक्सच्या ४.१३ कर्नलने ती आवृत्ती मूळ पर्याय म्हणून सोडली. निर्णय योग्यच होता. पण जुन्या पेट्यांना दुसरी आवृत्ती येतच नव्हती, आणि त्यांना जोडू पाहणाऱ्याच्या पडद्यावर संदेश आला तो 'होस्ट बंद आहे', त्रुटी क्रमांक ११२. होस्ट तर चालू होता, पिंगला उत्तरही देत होता. अशा वेळी माणूस केबल बदलतो, राउटर बदलतो, आणि खरे कारण कर्नल अद्ययावत झाल्याच्या तारखेत दडलेले असते. म्हणून अडणारा शेअर तपासताना पहिला प्रश्न 'सर्व्हर उत्तर देतो का?' हा नसावा. सुरू झालेल्या यंत्रावर तीच जोडणी हाताने करून पाहिली तर होते का, हा असावा. हाताने होत असेल तर दोष वेळेचा आहे. होत नसेल तर भाषेचा, नावाचा किंवा परवानगीचा. एवढी एक विभागणी केली तरी निम्मे काम होते.

आता आक्षेपांकडे येतो. सर्वांत मोठ्याने घेतला जाणारा आक्षेप असा की हे सगळे सिस्टीमडीने आणले. काळ पाहिला तर ते खरे वाटते. लेनार्ट पॉटरिंग यांनी एप्रिल २०१० मध्ये सिस्टीमडीची घोषणा केली, २०११ मध्ये ते फेडोरात आले, २०१५ मध्ये डेबियन आणि उबुंटूतही, आणि सेकंद मोजणारी ती ओळ त्यानंतरच सर्वांच्या परिचयाची झाली. पण ओळ नवी आहे, अडणे नवे नाही. जुन्या स्क्रिप्टमध्ये यंत्र तितकेच, कधी कधी अधिक, थांबे. फक्त कशासाठी थांबले आहे हे सांगण्याचा शिष्टाचार नव्हता. मधल्या काळात उबुंटूच्या 'माउंटऑल'ने अमुक फोल्डर तयार नाही, थांबायचे तर थांबा, नाही तर 'एस' दाबून पुढे जा, असे विचारायला सुरुवात केली होती. सिस्टीमडीने ९० सेकंदांची मर्यादा घातली आणि अडलेल्या कामाचे नाव सांगितले, ही सुधारणाच आहे. पॉटरिंग यांच्या मूळ घोषणेतच जोडण्या ऑटोएफएसच्या मार्गाने, गरज पडेल तेव्हा करण्याची कल्पना होती. आक्षेपाचा जो भाग खरा आहे तो असा की ती सोय असूनही एफएसटॅबमधल्या शेअरच्या साध्या ओळीला ती आपोआप मिळत नाही. एक लांबलचक पर्याय तिथे हाताने लिहावा लागतो, आणि तो ठाऊक असणाऱ्यालाच ठाऊक असतो.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: मुळात थांबावेच कशाला? एनएफएसमध्ये 'सॉफ्ट' हा पर्याय आहेच. ठरावीक प्रयत्न झाले की जोडणी हार मानते आणि प्रोग्रॅमला त्रुटी मिळते. हा सल्ला मी धोकादायक मानतो. लिनक्समध्ये प्रोग्रॅमने लिहिलेला मजकूर आधी आपल्याच मेमरीत साठतो आणि सर्व्हरकडे सवडीने जातो. जाताना सॉफ्ट जोडणीने हार मानली तर ती त्रुटी प्रोग्रॅमला फाइल बंद करताना किंवा मजकूर डिस्कवर पक्का करताना कळते, आणि त्या क्षणी त्रुटी तपासणारे प्रोग्रॅम आपल्याला वाटतात त्यापेक्षा पुष्कळ कमी आहेत. परिणामी फाइल सर्व्हरवर अर्धवट राहते, आणि ते कळते महिन्यांनी, ती उघडायला गेल्यावर. माहितीपुस्तिका स्वतःच बजावते की सॉफ्टमुळे मजकूर गुपचूप खराब होऊ शकतो. सुरू होतानाची दीड मिनिटे वाचवण्यासाठी दिवसभराच्या कामाच्या खरेपणावर पाणी सोडण्यात कसला व्यवहार? १९८५ च्या त्या पाच जणांनी ज्या गोष्टीसाठी क्लायंटला चिवट ठेवले होते, नेमकी तीच गोष्ट सॉफ्टने जाते.

'नोफेल' या पर्यायाकडेही मी याच नजरेने पाहतो, जरी तो सॉफ्टइतका वाईट नाही. एफएसटॅबच्या ओळीत नोफेल लिहिले की सिस्टीमडी त्या शेअरची वाट न पाहता बूट पुरे करते. जोडणी झाली तर झाली. अडणे तात्काळ संपते, म्हणून हा सल्ला सर्वत्र दिला जातो. पण जोडणी न झालेल्या जागी काय असते ते पाहा: एक रिकामी डिरेक्टरी. खऱ्यासारखी दिसणारी, लिहू देणारी, फक्त आपल्याच डिस्कवर असणारी. रात्री बॅकअप घेणारा प्रोग्रॅम तिच्यात बिनदिक्कत लिहितो, स्वतःची डिस्क भरतो आणि काम फत्ते झाल्याचे कळवतो. दोन फोल्डर जुळवून ठेवणारा प्रोग्रॅम ती रिकामी पाहून सगळ्या फाइली कुणीतरी पुसल्या असे समजतो आणि दुसरी बाजूही साफ करू लागतो. नोफेल वापरायचाच असेल तर जोडणी नसताना ती रिकामी डिरेक्टरी कुणालाच बदलता येणार नाही अशी गोठवून ठेवावी. लिनक्समध्ये 'चॅटर' आज्ञेने ते एका ओळीत होते, आणि जोडणी झाल्यावर तिचा काही अडथळा होत नाही.

उरतो तो कॅलघन आणि लायन यांचा जुना मार्ग. शेअरच्या ओळीत सिस्टीमडीचा ऑटोमाउंटचा पर्याय लिहिला की बूट त्याच्यापाशी अडत नाही. जोडणी पहिल्यांदा कुणी त्या फोल्डरकडे वळते तेव्हा होते, आणि न झाल्यास त्या माणसाला रिकामी डिरेक्टरी दाखवली जात नाही, त्रुटी मिळते. यावर असे म्हटले जाते की तुम्ही अडचण सोडवली नाही, नुसती पुढे ढकलली; संगणकाऐवजी आता फाइल मॅनेजर अडकेल. अडकेल, हे मान्य आहे. पण ज्याला त्या शेअरमधली फाइल हवी आहे तोच थांबेल, बाकी यंत्र चालू राहील, आणि त्या चालू यंत्रावर बसून बिघाड शोधताही येईल. त्या खोळंब्यालाही जोडणीच्या मुदतीचा वेगळा पर्याय लिहून मर्यादा घालता येते. ज्या सेवेला शेअरशिवाय पाऊल टाकता येत नाही, मग तो डेटाबेस असो की वेबसाइट, तिने तसे स्वतःच्या सेवाफाइलमध्ये लिहावे; 'रिक्वायर्स माउंट्स फॉर' ही तरतूद त्यासाठीच आहे. तिथे थांबणे रास्त आहे, जसे डिस्क नसलेल्या सन-३/५० चे रास्त होते. सगळ्या यंत्राला एका फोल्डरसाठी उभे करणे मात्र आज कुठल्याच हिशोबात बसत नाही. शेअर जोडून देणाऱ्या खिडक्या आणि बटणे बनवणाऱ्यांनी एफएसटॅबमध्ये ओळ लिहिताना ऑटोमाउंट आपणहून घालावा, वापरणाऱ्याने शोधून काढायची वाट पाहू नये.

तोवर हे काम ज्याचे त्यालाच करायचे आहे. आपल्या यंत्रावरची एफएसटॅब उघडा, नेटवर्कवरच्या प्रत्येक शेअरच्या ओळीत ऑटोमाउंट लिहा, आणि एनएफएसच्या ओळीत जुन्या कुणाच्या सल्ल्याने 'सॉफ्ट' शिरला असेल आणि त्या शेअरवर तुम्ही काही लिहीत असाल, तर तो आजच काढून टाका.